बंद नाही, अडकलंय

साल दोन हजार तेवीस. दसरा मंगळवारी झाला, आणि बुधवारी सकाळी आंबिवलीत वैशालीबाई ओव्हाळांचा कॉम्प्युटर चालू होता होता अडकला.

'अडकला' हाच शब्द बरोबर. पुढचे काही दिवस गावात जो तो म्हणत होता, बाईंचं मशीन बंद पडलं. आणि वैशालीबाई भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला उभं करून सांगत होत्या, "बंद नाही पडलेलं. अडकलंय. दोन्हीत फरक आहे."

फरक होताच, आणि तो त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? बंद पडणं काय असतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्न होऊन त्या कंपनीच्या चाळीत आल्या तेव्हा तिथला दिवस भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की त्यांचे यजमान भगवान डबा घेऊन निघायचे, भोंगा झाला की बायका स्टोव्हला पंप मारायच्या, भोंगा झाला की पोरं शाळेतून आलीच म्हणून समजायचं. मग एका वर्षी कंपनीला टाळं लागलं आणि भोंगा गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं चाळीतले पुरुष त्या त्या वेळेला नुसतेच दारात येऊन उभे राहायचे, कुणीतरी हाक मारील अशा चेहऱ्याने. चिमणीतून परत धूर निघाला नाही. त्याला म्हणतात बंद पडणं.

वैशालीबाई मात्र तोवर दारात उभ्या राहायच्या पलीकडे गेल्या होत्या. तरुणपणी त्या कल्याणच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायच्या. उलटी अक्षरं सरळ अक्षरांहून भरभर वाचायच्या. खिळ्यांचे दिवस गेले तेव्हा त्या टाइपरायटर शिकल्या, कॉम्प्युटर आले तेव्हा कॉम्प्युटर शिकल्या. आणि कंपनीचं डुगडुगायला लागलंय हे ओळखून त्यांनी स्टेशनकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गोदाच्या इमारतीखालचा गाळा धरला. जिथे ती इमारत आहे तिथे गोदाने नवी सून असताना भात लावला होता. शेत गेलं, तीन मजले आले, आणि गोदा मालकीण झाली. पण सकाळी उठून अंगणात फतकल मारून बसायची सवय काही गेली नाही. वैशालीबाईंच्या गाळ्यापुढची जागा म्हणजे तिचं अंगणच.

गाळ्यात अर्ज टाइप होत, निवेदनं होत, आणि मुख्य म्हणजे पत्रिका होत. आगऱ्यांच्या हळदीच्या पत्रिका, बौद्धांच्या मंगल परिणयाच्या पत्रिका, बारशाच्या, दहाव्याच्या. ही सगळी अक्षरं एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधून निघायची, आणि ते सॉफ्टवेअर उघडायचं ते मशीनच्या पाठीमागे खोचलेल्या एका करंगळीएवढ्या लॉकमुळे. लॉक असेल तर अक्षरं दिसणार, नसेल तर नाही. ते बनवणारी मंडळी केव्हाच धंदा आवरून गेली होती. दुसरं लॉक जगात मिळणार नव्हतं. म्हणून गाळ्याचा एकच नियम होता: लॉकला हात लावायचा नाही. धूळ झाडतानासुद्धा फडकं त्याच्या भोवतीनं फिरायचं. कुणी विचारलं, हे काय हो बाई, तर त्या म्हणत, "ह्याच्यात मशीनचा जीव आहे."

तर, बुधवार. मंगळवारी गाळा बंद होता. वैशालीबाई पांढरी साडी नेसून विहारात गेल्या होत्या. धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम होता, तिथेच दिवस गेला. बुधवारी शटर वर केलं, बटण दाबलं आणि चष्मा पुसत बसल्या. काळ्या पडद्यावर चार रंगांचे चार ठिपके नेहमीसारखे घिरट्या घालत आले, एकमेकांना भेटले, त्यांची खिडकी झाली. ती खिडकी उजळली, मंदावली, उजळली, मंदावली. चष्मा पुसून झाला, चहा झाला, उदबत्तीवाला येऊन गेला, तरी खिडकी आपली उजळतेय आणि मंदावतेय.

बटण दाबून धरून त्यांनी मशीन बंद केलं, परत चालू केलं. पुन्हा खिडकी.

गोदा अंगणात बसली होती. "काय गो, आज टकटक नाय ऐकू येत तुजी?"

"मशीन चालू होत नाहीये, गोदा."

एरवी अशा बातमीवर गोदा तासभर बसली असती. त्या दिवशी ती एकदम उठली. "दूद ठेवलाय गॅसवर," म्हणाली आणि गुडघ्यांना हात देत जिना चढून गेली.

वैशालीबाईंनी सर्वेशला फोन लावला. सर्वेशचं कल्याणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माणूस चांगला, फक्त बोलताना सारखा घाईत.

"मावशी, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"खिडकी."

"मग?"

"मग खिडकीच. लुकलुकतेय माझ्याकडे बघून."

"एरर काय देतंय?"

"एरर दिली असती तर तुला कशाला विचारलं असतं? तोंडातून शब्द काढत नाही. रुसल्यासारखं बसलंय."

सर्वेशने सांगितलं, चालू केल्या केल्या एफ-एट दाबत राहा, टक टक टक, सोडू नका. त्यांनी दाबलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर खाली उतरल्या आणि एका ओळीशी येऊन थबकल्या. शेवटची ओळ त्यांनी फोनवर वाचून दाखवली.

"म्हणजे ह्याच्या पुढचं काहीतरी अडवतंय त्याला," सर्वेश म्हणाला. "रॅम काढा आणि खोडरबराने घासा."

हे त्यांनी पूर्वीही केलं होतं. झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली, तिच्या पिवळ्या दातांवर नातवाचं खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, परत बसवली. खिडकी. आतला गोल सेल बदलला. घड्याळ बरोबर झालं, खिडकी तीच.

"मागचं सगळं काढा आता. प्रिंटर, स्कॅनर, स्पीकर, जे काय असेल ते सगळं. मग चालू करा."

त्या टेबलाखाली वाकल्या. गुडघा कुरकुरला. प्रिंटर काढला, स्कॅनर काढला, स्पीकर काढले, माउस काढला.

"सगळं काढलं?"

"सगळं."

"आणि?"

"खिडकी," वैशालीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा खाली गेला.

शुक्रवारी सर्वेश स्वतः आला. मशीन टेबलाखाली, भिंतीतल्या लाकडी कोनाड्यात असायचं, तोंड बाहेर, पाठ भिंतीला. पाठीकडचं सगळं काढलंय असं बाईंनीच सांगितल्यावर त्याने ते हलवायची तसदी घेतली नाही. समोरच्या भोकात आपला पेनड्राइव्ह घातला आणि त्यावरून मशीन चालू करून बघितलं. तेही मध्येच अडकलं. मग त्याने ओठ दाबले. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तेव्हा दाबतात तसे.

"मावशी, बोर्ड गेला. मदरबोर्ड."

"मग दुसरा घाल."

"ह्या मॉडेलचा आता कुठून आणू? म्युझियममधून? डिस्कमधल्या फाइली काढून देतो, नवं मशीन घ्या."

"आणि माझं सॉफ्टवेअर? लॉक?"

"ते नव्यावर नाही चालणार. अहो, आता पत्रिका मोबाइलवर करतात लोक. ॲप आहे. फोटो टाकायचा, नावं टाकायची, झालं."

"तुझ्या त्या ॲपला माहीत आहे का रे, खालच्या आळीतल्या पत्रिकेत थोरल्या काकाचं नाव बापाच्या वर आलं नाही तर मांडवात काय होतं ते?"

सर्वेश हसला. "नाही माहीत."

"मग सांग त्याला माझ्याकडे शिकायला पाठव."

तो गेल्यावर मात्र त्या बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. कारण गोष्ट मशीनची नव्हती. मशीन थांबलं तर काय होणार ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने ठरवून ठेवलं होतं.

आदल्या वर्षी भगवान गेले. पुण्यानुमोदनाला सगळे जमले असताना मोठा मुलगा महेंद्रने विषय काढला. तो ठाण्याला, टेंभी नाक्यापासून चालत जाता येईल अशा इमारतीत नवव्या मजल्यावर राहायचा; लिफ्ट होती, आईसाठी वेगळी खोली होती, सून दर्शनाने खोलीला पडदेसुद्धा लावले होते. आई एकटी आंबिवलीला राहते, गुडघा दुखतो, पावसात एकदा पायरीवरून पडली होती. महेंद्रचं म्हणणं चूक नव्हतं. चार नातेवाईक माना डोलवत होते. वैशालीबाईंना त्या दिवशी भांडायचं बळ नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते मशीन चालतंय तोवर मला राहू द्या. ते थांबलं की मी येते." महेंद्र शब्दाला जागणारा. त्यानंतर त्याने एकदाही विषय काढला नव्हता.

बातमी त्याला सर्वेशकडूनच कळली. शनिवारी फोन आला. "आई, रविवारी येतो. रघुच्या टेम्पोला सांगितलंय."

रघु म्हणजे गोदाचा मुलगा. रविवारी सकाळी त्याचा टेम्पो गाळ्यासमोर मागे मागे येत उभा राहिला. महेंद्र दोन मोठी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन उतरला. गोदा अंगणात होती, पण आज पाठ करून बसली होती.

"आई, तू म्हणालेलीस," महेंद्रने सुरुवात केली.

"म्हणाले होते."

"मशीन थांबलं की येईन."

"हो."

"मग थांबलंय ना?"

"अडकलंय."

"आई, प्लीज! सर्वेश बघून गेलाय, बोर्ड गेलाय त्याचा. तू वकिलासारखी बोलू नकोस यार."

वैशालीबाईंनी तोंड उघडलं. अजून दोन दिवस दे, दुसऱ्या कुणाला दाखवते, असं काहीतरी त्या म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांना स्वतःचाच राग आला. हे काय करतोय आपण? एका पत्र्याच्या डब्यासाठी दयेचा अर्ज करतोय? डबा चालला तर मी राहायचं, डबा गेला तर मी जायचं? हा न्याय ठरवला कुणी? मीच. आणि तो माझ्याच नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला, जो चौदा वर्षं भोंग्याच्या वेळेला दारात उभा राहून गेला.

त्या खुर्चीतून उठल्या.

"बरं. बोर्ड गेला. तुझं खरं. मशीन भंगारात घाल."

महेंद्रने सुटकेचा श्वास सोडला.

"पण मी येत नाही."

"म्हणजे? आई, तू सगळ्यांसमोर शब्द दिलेला."

"दिला होता. चुकीचा दिला होता, म्हणून परत घेते. आणि सगळ्यांसमोरच घेते. रघु, ऐकतोयस ना रे?"

"हां मावशी," रघु टेम्पोतून म्हणाला. मग महेंद्रचा चेहरा बघून म्हणाला, "म्हंजे, नाय ऐकत."

"हे काय पोरकटपणा आहे? असं शब्द परत घेता येतो होय?"

"अडाणीपणाने दिलेला येतो. महेंद्र, कंपनी बंद पडली तेव्हा तुझे बाबा बंद पडले नव्हते. हातपाय धड, डोकं धड, चाळीतला कुठलाही पंप दुरुस्त करून द्यायचे. पण त्यांनी धरलं की कंपनी गेली म्हणजे आपण गेलो. मी रोज बघत होते आणि चिडत होते. आणि शेवटी मीपण तेच केलं. मशीन थांबलं की मी थांबेन! कुणी सांगितलं? मशीन माझं आहे, मी मशीनची नाही. खिळे गेले, तेव्हा मी गेले का? टाइपरायटर गेला, तेव्हा गेले का? हे गेलं तर पाटी-पेन्सिल घेऊन बसेन आणि हाताने पत्रिका लिहून देईन. ज्याला हवी तो घेईल."

"आणि परत पडलीस तर?" महेंद्रचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "मागच्या वेळी मला कळलं तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, आई. मला पहिला फोन आला तो मी उचलला नव्हता. कळतं का तुला?"

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"पडले तर उठेन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नाहीच उठले तर गोदा बोंब मारील. तिचा आवाज ठाण्याला फोनशिवाय येतो. पण पडेन म्हणून आत्तापासून झोपून राहू का मी?"

महेंद्रला राग कुठे ठेवावा ते कळेना. आईवर काढता येत नव्हता, म्हणून तो मशीनवर निघाला. "ठीक आहे. नको येऊस. पण हे भंगार तरी नेतो मी," म्हणत त्याने कोनाड्यात हात घातला, मशीन ओढून बाहेर घेतलं, आणि पाठीमागची एकेक वायर उपटायला लागला. पडद्याची, विजेची, कीबोर्डची. आणि शेवटी लॉक.

"लॉक ठेव खाली!" वैशालीबाई ओरडल्या.

"हे घे तुझं लॉक." त्याने ते त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी मूठ मिटली, आणि परत उघडली. हाताला काहीतरी लागलं होतं. चिकट, लालसर-पिवळं. लॉकच्या धातूच्या तोंडात ते गच्च बसलं होतं आणि वाळून खरवडल्यासारखं झालं होतं. त्यांनी वास घेतला. हळद. हळदीत कुंकू. आणि कडेला तांदळाचा एक दाणा.

त्यांनी वर पाहिलं. गोदा अंगणातून उठून आता दारात उभी होती आणि पदराच्या टोकाशी खेळत होती.

"गोदा."

"काय गो."

"दसऱ्याला माझ्या गाळ्याची चावी कुणाकडे होती?"

"माज्याकडंच असते ना नेमी."

"गोदा!"

"ओरडू नको गो! तू तिकडं विहारात गेलतीस. रघुच्या टेम्पोला हार घातला, शिलाईच्या मशीनला कुंकू लावला, कोयत्याला लावला, आनी तुजा मशीन तेवडा तसाच बसलावता, बिनमायबापाचा. माज्या नातीची, करिश्माची लग्नाची पत्रिका ह्याच्यातनंच निघायची हाय. मना वाटला, तू नाय करत तर नको करू, मी गुपचूप करतंय, कुनाला काय कळतंय."

"अगं, पण लॉकला?"

"तूच बोलतेस ना, ह्याच्यात जीव हाय म्हनून! मंग जीव सोडून पत्र्याला पूजू काय? भाईर काढला, चार बोटा पान्याची लावली, हलद-कुंकू लावला, परत खोचला. देवाला घालतेत तशीच आंगोल, बाकी काय नाय केला." मग तिने डोळ्याला पदर लावला. "मना काय म्हाइत त्याला सर्दी व्हते."

रघु टेम्पोच्या स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होता. महेंद्र मात्र हसला नाही. तो लॉककडे बघत होता.

"आई, सर्वेशने सगळं काढायला सांगितलेलं ना तुला? लॉक काढलेलंस?"

"लॉक कशाला काढू?"

"सगळं म्हणजे सगळं!"

"लॉक सगळ्यात येत नाही," वैशालीबाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं. अंगावरचं सगळं उतरव म्हटलं की बाई कानातलं उतरवते, कान उतरवत नाही. इतकी वर्षं गोदाला त्या हसत आल्या होत्या, कोयत्याला कुंकू लावतेस म्हणून. आणि स्वतः एका प्लास्टिकच्या तुकड्याभोवतीनं सोवळं पाळत होत्या.

महेंद्रने विजेची वायर परत लावली. पडद्याची लावली. कीबोर्ड लावला. "आता लॉकशिवाय चालू कर."

"लॉकशिवाय मी कधी..."

"म्हणूनच. तूच दाब बटण."

त्यांनी दाबलं. चार ठिपके आले, घिरट्या घातल्या, एकमेकांना भेटले. खिडकी झाली. खिडकी उजळली, मंदावली. गोदा हात जोडायला गेली आणि वैशालीबाईंकडे बघून तिने हात मागे घेतले. खिडकी उजळली, आणि एकदम निळं झालं. पडद्यावर भगवानचा फोटो आला, चाळीच्या नळावर कुणाचा तरी पंप उघडून बसलेले, हात तेलाने काळे. त्यांच्या अंगाखांद्यावर पत्रिकांच्या फायली पसरलेल्या.

गोदाने नाक ओढलं आणि म्हणाली, "भगवानभाऊ बारीक झाल्यावानी दिसतेत."

सर्वेशला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही तर सगळं काढलंय म्हणालेलात!"

"तुझा बोर्ड गेला होता ना? आला परत. लॉक कशाने धुऊ ते सांग."

त्याने मुकाट्याने सांगितलं. दातांचा जुना ब्रश, स्पिरिट, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. महेंद्रने बाहीच्या गुंड्या सोडल्या आणि गाळ्याच्या पायरीवर बसून एकेक कण काढला. दुपारी लॉक खोचलं. मशीन चालू झालं, सॉफ्टवेअर उघडलं, अक्षरं आली.

टेम्पो रिकामाच उभा होता. महेंद्र हात पुसत म्हणाला, "बरं. मी हरलो. मशीन चालतंय, तर आधीचाच शब्द. चालतंय तोवर."

"नाही," वैशालीबाई म्हणाल्या. "तो शब्द सकाळीच गेला. मशीन अडकलेलं होतं तेव्हा मी तो परत घेतला, आता चालू झालं म्हणून तो परत यायचा नाही. मला यावंसं वाटेल त्या दिवशी मी येईन. उद्या हे जळून गेलं तरी त्याचा माझ्या येण्याशी संबंध नाही. चालेल?"

महेंद्रने रिकाम्या खोक्यांची घडी घातली आणि म्हणाला, "मोरीत धरायला दांडा लावून देतो. आणि रोज रात्री फोन करायचा. मी नाही उचलला तर परत करायचा. उचलेपर्यंत करायचा."

"करीन," त्या म्हणाल्या. ह्या बाबतीत त्यांनी वाद घातला नाही.

करिश्माची पत्रिका त्याच आठवड्यात निघाली, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर तिचंही झालं. ती आता दिव्याला राहते. पाण्याच्या बादल्या भरता भरता आजीने लॉकला घातलेल्या आंघोळीची गोष्ट सासरच्यांना इतक्यांदा ऐकवून झाली की तिच्या सासूलाही पाठ आहे.

रघुने टेम्पो विकून मोठा घेतला. महेंद्र दिसला की तो अजून विचारतो, "काय सायब, आज काय न्यायचं नाय ना?"

सर्वेशने कल्याणचं दुकान मोठं केलं. गिऱ्हाइकाला "सगळं काढलं का?" असं तो आता विचारत नाही, एकेक नाव घेऊन विचारतो, आणि मशीनची पाठ स्वतः बघतो.

महेंद्र ठाण्यालाच आहे. दांडा लावायला आला तेव्हा पायऱ्यांनाही कठडा करून गेला. दर्शनाने लावलेले पडदे तसेच आहेत, मे महिन्यात त्यांच्यामागे वैशालीबाई आठ-दहा दिवस झोपतात आणि मग पिशवी भरतात. पुढच्या पावसात त्या खरंच एकदा पडल्या, गाळ्यातच. उठल्या, धूळ झटकली, आणि रात्रीच्या फोनवर स्वतःच सांगितलं. महेंद्र चिडला, पण टेम्पोचं नाव काढलं नाही.

लॉक वर्षभर चाललं. मग एका सकाळी हळद नाही, कुंकू नाही, काही नाही, आपलं आपण मेलं. वैशालीबाईंनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नव्या पद्धतीचं मराठी टाइपिंग शिकायला घेतलं. इतकी वर्षं बोटांत बसलेली अक्षरं नव्या जागी शोधताना त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायच्या. तीन महिन्यांनी शिव्या थांबल्या. जुन्या पत्रिका आता उघडत नाहीत. त्यांनी त्यांचं फार दुःख केलं नाही. ती लग्नं झाली, त्यांची पोरंही शाळेत जायला लागली.

गोदा दोन हजार पंचवीसच्या उन्हाळ्यात गेली, झोपेत. उत्तरकार्याच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन तिचे दीर आले. खाली घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं होती, थोरल्यापासून कालच्या बारक्यापर्यंत. वैशालीबाईंनी मजकूर ठेवून घेतला. पत्रिका आली तेव्हा तिच्यात पुरुषांच्या आधी गोदाच्या तिन्ही लेकी होत्या, सुना होत्या, करिश्मा होती. आणि त्यांच्या खाली एका वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, वैशाली भगवान ओव्हाळ, मैत्रीण.

"हे असं कुठं असतंय व्हय बाई?" दीर म्हणाले. "आमच्यात बायकांची नावं नाय छापत. आनी तुमी तर घरच्या पन नाय."

"छापलंय," वैशालीबाई म्हणाल्या. "आता वाटा."